परिषदेचं ॲप नक्की कुणाच्या सोयीचं? वकीलसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

वकीलसाहेब, नमस्कार.

विधी शिक्षणाच्या परिषदांसाठी जी मोबाइल ॲप्स निघाली आहेत, त्यांच्या बाजूनं मी लिहिलं आणि तुम्ही खाली चांगलंच झाडलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही पुण्या-मुंबईवाल्यांची फॅशन आहे, सोलापूरच्या माणसाला माहितीपत्रकाची पीडीएफ आणि व्हॉट्सॲप ग्रुप पुरे, ॲप फोनमधली माहिती उपसतं, आणि सभागृहात लोक वक्त्याकडे बघायचं सोडून मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. सभागृहातल्या मोबाइलच्या मुद्द्यावर मी वाद घालत नाही. भाषण रटाळ असलं की ॲप नसतानाही माणूस क्रिकेटचा स्कोअर बघतोच.

पहिला मुद्दा मात्र मला उलटा दिसतो. पुण्यातल्या प्राध्यापकाला ॲपची गरज कमीच. आयोजकांत त्याचे दोन वर्गमित्र असतात, कुठलं सत्र ऐकण्यासारखं आहे हे त्याला आदल्या दिवशीच कळलेलं असतं. आपल्याकडून पहाटे उठून पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडून गेलेला नवखा अध्यापक पोचतो तेव्हा उद्घाटन आटोपत आलेलं असतं, नोंदणीच्या टेबलावर बॅग आणि बिल्ला घेईपर्यंत चहा संपतो, आणि मग तीन दालनांत एकाच वेळी सत्रं सुरू होतात. शिरायचं कुठे? एका ठिकाणी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब ची जागा घेणारं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. दुसरीकडे विधी सहाय्य केंद्रं आणि विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण. पीडीएफमध्ये शीर्षक आणि वक्त्याचं नाव, एवढंच. ॲपमध्ये प्रत्येक शोधनिबंधाचा गोषवारा असतो. तो गाडीत बसून वाचला की कळतं, हा निबंध कलमाचा मजकूरच परत सांगणार आहे की हॅश व्हॅल्यूचा, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशाचा, रकाना कोर्टात कसा भरला जातोय त्यावर बोलणार आहे. १ जुलै २०२४ पासून तीन फौजदारी कायदे बदलले, शिकवणाऱ्यांच्या नोट्स जुन्या झाल्या. अशा वेळी चुकीच्या दालनात दीड तास गेला तर तो कोण भरून देणार?

आणि ग्रुपबद्दल म्हणाल, तर एका परिषदेचा ग्रुप माझ्या फोनमध्ये अजून आहे. दालन बदलल्याचा निरोप एका ओळीचा. त्याच्या खाली 'धन्यवाद सर', त्यावर हात जोडलेले चार इमोजी, कुणाचं तरी सुप्रभात, एका मॅडमचा सत्काराचा फोटो, आणि मग 'सत्र कुठे आहे?' असं विचारणारे सहा जण. ॲपमध्ये आयोजकानं सत्राची जागा बदलली की वेळापत्रकातच बदलते, आणि ते सत्र निवडून ठेवलेल्यांना सूचना जाते. अट एकच: वेळापत्रक आधी उतरवून घेता आलं पाहिजे. दौंडपर्यंत रेंज येते-जाते आणि सभागृहांच्या तळघरात तर नसतेच, त्यामुळे नेट गेलं की कोरं पान दाखवणारं ॲप मीही फोनमध्ये ठेवत नाही.

अमेरिकेत लॉ स्कूल्सची जी संघटना आहे, असोसिएशन ऑफ अमेरिकन लॉ स्कूल्स, ती १९०० साली स्थापन झाली. तिचं वार्षिक अधिवेशन जानेवारीत भरतं, म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आसपास. तिथे इतकी सत्रं एका वेळी चालतात की ॲपशिवाय लोकांचं भागणारच नाही. आपल्याकडच्या एका दिवसाच्या, एकाच सभागृहातल्या चर्चासत्राला मात्र ॲपची काही गरज नाही. तिथे फळ्यावर लिहिलं तरी चालतं. हे मी मूळ लेखात लिहिलं होतं, तुमच्या रागात ते निसटलं.

आता माहिती उपसण्याचा मुद्दा. इथे मी तुमच्या बाजूला उभा आहे, फक्त तुम्ही वकील असून हातातलं हत्यार वापरलं नाहीत! डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३, कलम ६ उघडा. संमती सांगितलेल्या कामापुरती आणि त्याला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती. कायद्यातलंच उदाहरण आहे: टेलिमेडिसिनचं ॲप रुग्णाकडे फोनमधली संपर्कयादीही मागतं, ती बाई 'हो' म्हणते, तरी यादीपुरती ती संमती धरली जात नाही, कारण उपचाराला यादी लागत नाही. परिषदेच्या ॲपला तरी तुमच्या पक्षकारांचे नंबर कशाला हवेत? 'अजून लागू कुठे झालंय,' असं तुम्ही म्हणालच. बरोबर आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीच्या कलमांना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. पण संपर्कांची परवानगी आजही फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, आणि बंद केली म्हणून वेळापत्रक दिसायचं थांबत नाही. थांबलं, तर ते ॲप काढून टाका आणि आयोजकांना तसं लेखी कळवा.

प्रमाणपत्रांवरचा तुमचा टोमणाही वाचला. सकाळी सही, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि मधल्या वेळात लक्ष्मी रोडवर खरेदी, हे चालतं, नाकारत नाही. पण प्रत्येक सत्राच्या दाराशी क्यूआर स्कॅन ठेवला की पहिली बोंब याच मंडळींची असते. ॲप नको म्हणणाऱ्यांत तुमच्यासारखे तत्त्वाचे किती आणि लक्ष्मी रोडचे किती, हे बार रूममध्ये जरा विचारून बघा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, या ॲपमध्ये मराठी किती? मी वापरलेल्यांत जवळजवळ नाहीच. देवनागरी दिसायला अडचण नसते. आयोजक मजकूरच इंग्रजीत भरतात. त्याच कलम ६ प्रमाणे संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. वेळापत्रक आणि गोषवारे मराठीत द्या असं मात्र ते कलम म्हणत नाही. ते आयोजकांच्या मागे लागूनच करून घ्यावं लागेल. सोलापुरात पुढची परिषद भरेल तेव्हा तुम्ही समितीत असालच, तर माझी मागणी आत्ताच लिहून घ्या. गोषवाऱ्यांचं मराठी करायला मी येतो.