साबणाचा नेम

वरिष्ठांबरोबरची बैठक सुरू व्हायला थोडाच अवकाश असताना, कार्यालयाच्या प्रसाधनगृहातील भिंतीवर लावलेल्या साबणाच्या डिस्पेन्सरने माझ्या पँटवर, आणि तेही जिच्याविषयी खुलासा करू लागल्यास ऐकणाऱ्याचा संशय वाढतच जातो अशा जागी, पांढऱ्या चकचकीत साबणाची एक दमदार पिचकारी मारली. माझा हात तोटीच्या बरोबर खाली होता आणि कळ मी कोणीही दाबेल तशीच दाबली होती. साबण मात्र हात टाळून तिरका आला. पाणी लावून पुसू गेलो तर त्याला फेस आला आणि डागाचा विस्तार वाढला. घटना एवढीच आहे, परंतु तिचा राग अजून गेलेला नाही, आणि त्या रागाचा मोठा वाटा साबणापेक्षा शेजारच्या बेसिनपाशी उभ्या असलेल्या एका गृहस्थांकडे जातो.

हे गृहस्थ आरशात पाहून भांग सारखा करीत होते. वयाने माझ्यापेक्षा मोठे, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि चेहऱ्यावर दुसऱ्याची फजिती प्रथमपासून पाहायला मिळाल्याचे निखळ समाधान.

"दाबलंत ना?" त्यांनी आरशातूनच विचारले.

"दाबलं," मी म्हणालो. "तो दाबायचाच असतो."

"इथंच चुकतं लोकांचं." त्यांनी कंगवा खिशात ठेवला, म्हणजे प्रकरण आता हातात घेतले. "दाबायचं नसतं. आपल्याला साबण हवाय, हे त्याला नुसतं कळू द्यायचं असतं."

मी पँट पुसत होतो, त्यामुळे मला निघून जाता येत नव्हते, आणि ही अडचण त्यांनी अचूक हेरली होती. मग त्यांनी मला सांगितले की डिस्पेन्सरमध्ये तीन स्वभाव असतात. पहिला हट्टी, त्याच्या पोटात साबण असतो, पण तो देत नाही. दुसरा भित्रा, म्हणजे सेन्सरवाला. हात पुढे केला की गप्प राहतो आणि आपण कंटाळून हात काढून घेतला की मागून बेसिनमध्ये थुंकतो. तिसरा मनात ठेवणारा. सकाळपासून ज्यांनी ज्यांनी त्याला जोरात दाबलेले असते, त्या सर्वांचा हिशेब तो एका सभ्य माणसाकडून वसूल करतो.

"आणि हा?" मी नको असताना विचारले.

"हा तिसरा," ते खालच्या आवाजात म्हणाले. डिस्पेन्सरला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज उतरवला होता, याविषयी माझी खात्री आहे.

यानंतर प्रात्यक्षिक झाले. त्यांनी मला हाताने मागे सारले, स्वतः डिस्पेन्सरच्या एका बाजूला उभे राहिले, तर्जनीचे टोक कळीवर ठेवले आणि डोळे अर्धवट मिटून ती इतक्या हळुवारपणे आत ढकलली की ती हलली की नाही हेही समजले नाही. साबणाचा थेंबही आला नाही.

"पाहिलंत?" ते म्हणाले.

"काय पाहू? साबण आलाच नाही."

"पण उडालाही नाही ना?"

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. मी पुन्हा पँटकडे वळलो, तेव्हा त्यांनी माझे सांत्वन केले. "अहो, मनाला कशाला लावून घेता? साबणच आहे तो. तसं पाहिलं तर या क्षणी तुमच्या अंगावरचा सगळ्यात स्वच्छ भाग तोच आहे." एवढे बोलून त्यांनी नळाखाली उजव्या हाताच्या बोटांची टोके धरली, ती झटकली आणि रुमालाला पुसली. न राहवून मी विचारले, "आणि तुम्ही साबण?" त्यावर ते दचकून म्हणाले, "छे! या यंत्रांच्या वाटेला मी कधीच जात नाही."

पुढे बैठकीत ते माझ्या समोरच बसलेले आढळले. बाहेरून आलेले सल्लागार म्हणून त्यांची ओळख करून देण्यात आली, आणि तोच उजवा हात त्यांनी मोठ्या आपुलकीने पुढे केला. माझा हात साबणाशिवाय राहिला होता, त्यांचा स्वेच्छेने तसा होता. त्यामुळे आरोग्याच्या दृष्टीने ते हस्तांदोलन निदान समसमान झाले. त्यांची नजर एकदा खाली गेली आणि ते समजूतदारपणे हसले. त्या हसण्याबद्दल मी त्यांना क्षमा करणार नाही.

बैठक संपल्यावर मी सफाईचे काम पाहणाऱ्या मुलाला गाठले. डिस्पेन्सर उघडण्यासाठी त्याच्याकडे दोन दातांची प्लास्टिकची किल्ली असते, आणि ती तो तिजोरीची असावी अशा जबाबदारीने खिशात बाळगतो. त्याने झाकण उघडले. आत साबणाची पिशवी होती आणि तिच्या एका बाजूला पुठ्ठ्याची घडी करून खोचलेली होती.

"काका, ही पिशवी याची नाहीये," तो म्हणाला.

"मग कोणाची आहे?"

"दुसऱ्या कंपनीची. याची महाग पडते म्हणून ऑफिसनं बंद केली."

"आणि ही यात बसते?"

"बसवली की बसते," तो म्हणाला, आणि त्याने पुठ्ठा आणखी थोडा आत ढकलला.

गुन्ह्याचा उलगडा त्या पुठ्ठ्यात होता. रिफिल बदलता येणाऱ्या अशा डिस्पेन्सरमध्ये पंप बहुधा भिंतीवरच्या डब्यात नसतोच. तो साबणाच्या पिशवीच्या तोंडालाच जोडलेला येतो. एक लहानशी पोकळी, पोकळी पूर्ववत करणारी लवचिक भिंत किंवा स्प्रिंग, आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या दोन झडपा, एवढाच त्याचा संसार. पोकळी दाबली की खालची झडप उघडून साबण बाहेर पडतो. सोडली की खालची झडप मिटते, वरची उघडते आणि पिशवीतला साबण पोकळीत उतरतो. पिशवी मऊ असल्यामुळे साबण संपत जाईल तशी ती आकसत जाते आणि रिकाम्या जागेत बाहेरची हवा घ्यावी लागत नाही. टणक बाटली असती तर हवेसाठी वेगळी वाट ठेवावी लागली असती, नाहीतर आत निर्वात पोकळी निर्माण होऊन साबण वरच अडून बसला असता. भिंतीवरच्या झाकणाचे काम एवढेच, की आपला तळहात कळीवर पडला म्हणजे तो धक्का पंपापर्यंत सरळ पोहोचवायचा. आता पिशवी परकी असेल आणि पंप बोटभर सरकून बसलेला असेल, तर धक्का सरळ बसत नाही, माप अर्धवट बाहेर येते, उरलेला साबण तोंडाशी वाळून भोक एका बाजूने बुजवतो, आणि मोकळ्या राहिलेल्या फटीतून पुढची धार जिकडे वाट मिळेल तिकडे जाते. त्या दिवशी तिला वाट माझ्या दिशेने मिळाली.

मूळ रचना चांगली आहे, हे मान्य करताना मला दुप्पट त्रास होतो. पिशवी बंद असण्यामागे सबळ कारण आहे. वरून ओतून भरायच्या डिस्पेन्सरमध्ये जुन्या साबणावर नवा साबण पडत राहतो, तळाशी कधी कोण पोहोचत नाही, आणि तेथे जंतू सुखाने नांदू लागतात. २०११ साली 'अप्लाइड अँड एन्व्हायर्न्मेंटल मायक्रोबायॉलॉजी' या नियतकालिकात एका शाळेतील अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा दूषित साबणाने हात धुतल्यावर मुलांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या हातांवरील ग्रॅम-निगेटिव्ह (जीवाणूंचा एक मोठा वर्ग) जीवाणू सुमारे २६ पट वाढल्याचे त्यात आढळले. म्हणजे ही मंडळी हात धुण्यापूर्वी अधिक स्वच्छ होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तर २००२ सालच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांतच रुग्णालयांना बजावले होते की अर्धवट रिकाम्या डिस्पेन्सरमध्ये वरून साबण भरू नये. तेव्हा बंद पिशवी, तिच्याबरोबर नवा पंप, नवी तोटी, आणि संपली की सगळेच फेकून द्यायचे, हा विचार आरोग्याच्या बाजूने अगदी चोख आहे. (फेकलेल्या पंपांचा ढीग कोठे जातो, हा प्रश्न मी त्या मुलाला विचारला. तो म्हणाला, "खाली.")

परंतु भिंतीवरच्या साबणाचा जन्म केवळ आरोग्याच्या चिंतेतून झालेला नाही. त्यात संशयाचाही अंश आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अक्रन या शहरी रबराचे कारखाने होते, आणि तेथील कामगारांच्या हातांवरचा काळा थर केरोसीन किंवा बेंझीनने काढावा लागत असे. १९४६ साली गोल्डी आणि जेरी लिपमन या दांपत्याने त्याऐवजी हात स्वच्छ करण्याचे एक मलम बाजारात आणले. ते इतके पसंत पडले की कामगार ते हवे त्याहून जास्त घेतात आणि डब्यात भरून घरीही नेतात, अशी तक्रार होऊ लागली. तेव्हा जेरी लिपमन यांनी एका वेळी ठरावीक मापच देणारा डिस्पेन्सर तयार केला आणि १९५२ साली त्याचे पेटंट घेतले. हा इतिहास वाचल्यापासून मला भिंतीवरचा प्रत्येक डिस्पेन्सर माझ्याकडे रोखून पाहत असल्यासारखा वाटतो. साबण कोणी घरी नेऊ नये म्हणून तो भिंतीला खिळलेला, कोणी उघडू नये म्हणून त्याला किल्ली, आणि कोणी जास्त घेऊ नये म्हणून मापाचा पंप. हात धुण्यासाठी आलेला माणूस हा या रचनेतला गिऱ्हाईक नाही, तो संशयित आहे. गिऱ्हाईक वरच्या मजल्यावर बसते, बिल तपासते, आणि बहुधा स्वतःच्या खोलीतले बेसिन वापरते.

खरी सत्ता पंपाकडे असते, साबणाकडे नसते, हे धंद्यातल्या लोकांना फार पूर्वीच कळले आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट टेलर या उद्योजकाने पंपाच्या बाटलीतला द्रवरूप साबण बाजारात आणला, तेव्हा मोठ्या कंपन्या आपल्याला गिळतील अशी त्याला धास्ती होती. म्हणून त्याने पंप बनवणाऱ्या कारखान्यांकडे एवढी प्रचंड मागणी आगाऊ नोंदवली की इतरांकडे साबण असूनही त्यांना पंप मिळेनात. भिंतीवरच्या डिस्पेन्सरचे अर्थकारण याच वळणाचे आहे. डबा फुकट किंवा नाममात्र किमतीत मिळतो, आणि त्याच्या आतल्या खाचा, खुंट्या आणि कंगोरे असे ठेवलेले असतात की त्याच कंपनीची पिशवी आत बसावी. मग कार्यालये पुठ्ठा शोधतात. हात पुसण्याच्या कागदाच्या डिस्पेन्सरवरून असाच वाद अमेरिकेत न्यायालयात गेला होता. डबा एका कंपनीचा होता आणि आत कागद दुसऱ्या कंपनीचा भरला जात होता. प्रसाधनगृहात आलेल्या माणसाची यामुळे दिशाभूल होते की नाही, या मुद्द्यावर विद्वान वकिलांनी लढा दिला, आणि २०१० साली चौथ्या सर्किटच्या (म्हणजे न्यायालयीन विभागाच्या) अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निकाल फिरवून प्रकरण पुढे चालवायला लावले. ओल्या हाताने उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चालते, याची एवढी गंभीर दखल दुसऱ्या कोणी घेतल्याचे मला ठाऊक नाही. मला कोणी साक्षीला बोलावले असते तर मी शपथेवर सांगितले असते की त्या क्षणी माझ्या मनात कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. जे होते ते न्यायालयात उच्चारता आले नसते.

चिडण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. डिस्पेन्सर बेसिनच्या वर असावा, म्हणजे गळलेला थेंब बेसिनमध्ये जाईल, एवढी साधी गोष्ट तो बसवणाऱ्याला सुचत नाही. दोन बेसिनच्या मधोमध भिंतीवरच्या फरशीला दोन स्क्रू मारता येतात, म्हणून तो तेथे बसतो, आणि खाली ओट्यावर साबणाचे चिकट तळे कायमचे साचून राहते, ज्यात मनुष्य हमखास आपला मोबाईल ठेवतो. कळ कोपराने दाबता येईल एवढी रुंद असावी, तर ती दोन बोटांपुरती असते, म्हणजे सर्वांत मळलेली बोटे सर्वांत आधी तिलाच लागतात. आत साबण किती उरला आहे हे दाखवण्यासाठी झाकणाला एक उभी चीर असते, पण तिच्यातून दिसते ती पिशवीची पाठ, आणि ती भरलेली असो वा आकसलेली, रंगाने सारखीच दिसते. आमच्या पिशवीच्या बाबतीत त्या चिरेतून पुठ्ठा दिसत होता. तो पुठ्ठा मी रोज पाहत होतो आणि त्याला साबणाची पातळी समजत होतो.

मी व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार दिली. तिच्यात पंपाचे कार्य, पिशवीची विसंगती आणि धारेचा कोन यांचे सविस्तर विवेचन होते; पँटचा उल्लेख मी 'वस्त्र' असा केला. उत्तर आले नाही, मात्र कारवाई तातडीने झाली. आता डिस्पेन्सरवर छापील सूचना लावण्यात आली आहे: 'कृपया कळ सावकाश दाबावी व एका बाजूस उभे राहावे.' सल्ला कोणाचा घेतला गेला, हे मला विचारावे लागले नाही. पुठ्ठा आत आहे तेथेच आहे. सूचना मोठ्या अक्षरांत आहे, चारही बाजूंनी पक्की चिकटवलेली आहे, आणि आत साबण किती उरला आहे हे दाखवणारी ती उभी चीर तिने पूर्णपणे झाकून टाकली आहे.