माटोळी उतरली, पण बी ठेवलंत का?

काल आमच्या घरची माटोळी, म्हणजे गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून बांधतात ती चौकट, सोडली. सुपारीची शिंपटी, असोला नारळ, नीरफणस, कवंडळ, कांगलां एकेक करून खाली येत होतं आणि माझं सगळं लक्ष मधल्या तवशाकडे, म्हणजे आमच्या गावठी काकडीकडे. हातभर लांब, पिवळटतपकिरी झालेलं, सालीवर बारीक जाळी धरलेलं. माझ्या धाकट्या मुलाने विचारलं, आई, आता याची तवसळी (तवशाचा गोड पदार्थ) करणार का? म्हटलं नाही बाबा, हे खायचं नाही, हे ठेवायचं.

आजी असताना हे सांगावं लागत नसे. श्रावणात वेलीवरचं सगळ्यात भरदार फळ बघून ती त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातलं कुणी त्या फळाला हात लावत नव्हतं, आम्ही पोरंसुद्धा नाही. तेच फळ चतुर्थीला माटोळीत चढायचं. म्हणजे देवासमोर बांधलेलं फळच पुढच्या वर्षाचं बियाणं असायचं. माटोळी ही शोभेसाठी असते असं आता सगळे धरून चालतात. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या घरात तरी ती वर्षाची नोंदवही होती. परसात काय पिकलं, रानात काय आहे, कशाचं बी हाताशी आहे, हे सगळं वर बघितलं की कळायचं.

आता बहुतेक घरांत माटोळीचं सामान बाजारातून येतं. म्हापशाला, फोंड्याला, वाळपईला चतुर्थीच्या आधी रानातलं सामान घेऊन बसणाऱ्या बायकांना त्यातून चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. कला आणि संस्कृती खात्याची माटोळी स्पर्धा होते, तिथे लोक केवढे प्रकार जमवून बांधतात, बघून मन भरून येतं. माझी त्या परीक्षकांना एवढीच विनंती आहे की प्रकार मोजताना एक प्रश्न जास्तीचा विचारा: यातल्या कितींचं बी तुम्ही घरी ठेवणार आहात? त्यालाही गुण द्या.

मला हे एवढं का लागलंय, ते सांगते.

आजी तवशाचं बी धुवून राखेत घोळायची, मग शेणात मिसळून चुलीमागच्या भिंतीवर त्याच्या थापट्या मारायची. दुधी, दोडका, कुंवाळा, सगळ्यांच्या थापट्या रांगेने. भाताचं बियाणं गवताच्या मुडीत, मुडी माळ्यावर. अळसांदे (गावठी चवळी) राख घालून मडक्यात. पावसाळाभर खाली चूल पेटलेली आणि धूर वर जातोय. तेव्हा वाटायचं, जुन्या माणसांची रीत आहे. त्यातलं कारण मला फार उशिरा कळलं. बियांना मारते ती ओल. बियांमधली ओल एका टक्क्याने कमी झाली तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बियाणं शास्त्रातला ठोकताळा आहे. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच अशी असते की कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. उन्हात कडकडीत वाळवलेलं बीसुद्धा उघडं राहिलं तर हवेतली ओल परत ओढून घेतं. चुलीची ऊब ते होऊ देत नव्हती, आणि राखेमुळे किडा लागत नव्हता.

मग घरात गॅस आला. बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला, फार बरं झालं, चूल परत आणा असं मी कधी म्हणणार नाही. पण चुलीबरोबर बियांची कोठीही गेली आणि तिच्या जागी काय करायचं हे कुणी ठरवलंच नाही. आजी गेल्यावर मी तिचं सगळं बी काचेच्या बरणीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि नीट ठेवलंय या समाधानात राहिले. पुरतं वाळलेलं नव्हतं. मे महिन्यात झाकण उघडलं तर आंबूस वास आला. बिया एकमेकींना चिकटलेल्या, वर पांढरी बुरशी. वीसेक पेरून बघितल्या. एकही उगवली नाही. मी त्या वाफ्यासमोर बसून रडले आहे. आजीच्या सासूने लावलेलं तवसं माझ्या हातून एका बरणीत संपलं होतं.

त्या वर्षी दुकानातलं पाकीट आणलं. काकड्या झाल्या, नाही असं नाही, पण आखूड, पाणचट, तवसळीला काही चव नाही. त्यातलंच बी ठेवून दुसऱ्या वर्षी लावलं तर एका वेलीला एक तऱ्हा, दुसरीला दुसरी. हायब्रीडचं असंच असतं. पहिल्या पिढीत सगळी फळं सारखी, पुढच्या पिढीत आईबापांचे गुण सुटे होतात. म्हणून दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं.

आमचं तवसं परत मिळालं ते पेडण्याहून. धाकट्या काकीचं माहेर तिकडचं. तिच्या ओटीत आजीने कधीतरी नारळतांदळांबरोबर पानात बांधून तवशाचं बी दिलं होतं, आणि तिच्या आईने ते लावलं, पुढे वहिनीने लावलं, आजतागायत लावताहेत. काकीने बोलताबोलता सांगितलं तेव्हा मी त्याच रविवारी निघाले. अकरा बिया मिळाल्या. आठ उगवल्या. काल माटोळीतून उतरवलं ते तवसं त्याच वेलींच्या वंशातलं.

आजीने ते बी फक्त स्वतःच्या भिंतीवर ठेवलं असतं तर आज ते कुठेच नसतं. ते वाचलं ते दिल्यामुळे. बी वाचवणं म्हणजे बरण्या भरणं, अशी आपली समजूत झाली आहे. एका घरात आग लागते, उंदीर शिरतो, माणूस आजारी पडतो, एक पाऊस चुकतो. तेच बी चार वाड्यांवर असेल तर सगळीकडे एकाच वेळी मरत नाही. शिवाय फ्रिजमध्ये ठेवलेलं बी आहे तसंच राहतं. दरवर्षी मातीत जाणारं बी तिथल्या पावसाशी, तिथल्या किडीशी जुळवून घेत जातं.

खाजन शेतीतला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतला, कोरगुट हा भात घ्या. बांध फुटून खारं पाणी शेतात आलं की जया, ज्योती हे भाताचे वाण माना टाकतात आणि कोरगुट उभा राहतो. उत्पन्न कमी, रोप उंच, वाऱ्याने लोळतं, म्हणून लोकांनी तो सोडत आणला. पण काही शेतकऱ्यांनी सोडला नाही. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान 1 आणि गोवा धान 2 हे क्षार सोसणारे वाण काढले, ते याच कोरगुटातून निवड करून. शास्त्रज्ञांचं श्रेय त्यांना आहेच. पण निवड करायला शेतात कोरगुट शिल्लक होता, ते श्रेय त्या शेतकऱ्यांचं, आणि त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नसतात.

खोल्याच्या मिरचीला, हरमलच्या मिरचीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, चांगलं झालं, भाव मिळतो. पण जीआय नावाची राखण करतं. बियांची राखण ज्या बाईच्या अंगणात मिरच्या वाळत असतात तीच करते.

लोक मला विचारतात, असं बी वाटलेलं चालतं का, कायद्यात बसतं का? बसतं. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचासुद्धा हक्क दिला आहे, अगदी नोंदणी झालेल्या वाणाचा. त्यावर ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही, इतकंच. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण घरात बियांची बँक उभी केली आणि गावोगावच्या बायकांना त्यात ओढलं. 2020 मध्ये त्यांचं नाव पद्मश्रीच्या यादीत होतं. आपण शिकलेल्या बायका आहोत, आपल्याला काय अवघड आहे?

आपली भाजी बेळगावहून येते. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा भाजीसाठी काय हाल झाले ते प्रत्येकाने भोगलंय. मी असं म्हणत नाही की प्रत्येक घराने सगळं पिकवावं. फ्लॅटमध्ये राहणारी माझी बहीण दोन कुंड्यांत तांबडी भाजी करते, त्यातली चार झाडं तुऱ्यावर सोडते, तुरा वाळला की कागदावर झटकते. पुढच्या वर्षाचं बी तयार.

तवशाचं मात्र थोडं जपावं लागतं. कारल्याशेजारी लावलं की तवसं कडू होतं म्हणतात, ते खरं नाही, दोघांची जातच वेगळी. पण शेजारी हायब्रीड काकडी असेल तर मधमाश्या घोटाळा करतात. म्हणून मी संध्याकाळी, उद्या उमलेल अशी मादी कळी (तिच्या मागे इवलंसं तवसं असतं) आणि दोन नर कळ्या दोऱ्याने बांधून ठेवते. सकाळी सोडून नर फुलाचा पराग मादीला लावायचा, परत बांधायचं, देठाला चिंधी. आजीची चिंधी अशी कामाला आली. बी काढल्यावर दोन दिवस गरासकट आंबवायचं, धुवायचं, सावलीत वाळवायचं. दाताखाली कट्ट करून तुटलं तरच डब्यात. डब्यात कढईत कोरडे भाजून गार केलेले तांदूळ फडक्यात बांधून टाकते, ते ओल ओढतात. चुलीच्या जागी सध्या हेच.

फणस, आंबा यांचं बी असं वाळवून ठेवता येत नाही, वाळलं की मरतं. त्यांचं जतन म्हणजे झाड उभं राहणं. म्हणून प्लॉट पाडण्यासाठी एखाद्या भाटातला (बागायतीतला) जुना फणस तोडतात तेव्हा तो वाण डब्यात उरत नाही. हे पंचायतीत बसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

माझ्याकडे आत्ता अळसांदे आहेत, भात कापलं की लावायचे. तांबड्या भाजीचं बी आहे. तवशाचं बी पंधरा दिवसांत वाळेल. कागदाच्या पुड्या करून वर वाड्याचं नाव आणि वर्ष लिहिते आहे. ज्यांना लावायचं आहे त्यांनी हक्काने मागा, पैसे नकोत. पुढच्या चतुर्थीनंतर त्यातलं थोडं बी आणखी दोन घरी द्या आणि कुठे दिलं ते मला कळवा. पहिली पुडी पेडण्याला जाणार आहे, काकीच्या वहिनीकडे. तिच्या वेली यंदा पावसाने कुजल्या.