‘हाऊस’ला हसू नका, किंवा हसा, पण पुढचंही बघा

नोबुहिको ओबायाशीचा ‘हाऊस’ (१९७७) हा जपानी भयपट हल्ली सोशल मीडियावर पुन्हा फिरतोय. पियानो एका मुलीला खातो ती क्लिप, खाली लोळून हसणाऱ्या इमोज्या आणि ‘काय ओढून बनवलाय’ छापाच्या कमेंट्स. मला याचा राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (कथा फुटणार आहे. चालत नसेल त्यांनी इथूनच परत फिरावं.)

शार्कचा ‘जॉज’ धो धो चालल्यावर जपानच्या तोहो या फिल्म कंपनीला तसंच काहीतरी हवं होतं. विचारणा झाली ओबायाशीकडे. त्याचं तोवरचं काम म्हणजे प्रायोगिक छोट्या फिल्म्स आणि टीव्हीच्या ढीगभर जाहिराती. हॉलिवूडच्या चार्ल्स ब्रॉन्सनची ती ‘मँडम’ची (पुरुषांच्या प्रसाधनांचा जपानी ब्रँड) जाहिरात त्याचीच. आता हा गडी काय करतो, तर आपल्या शाळकरी मुलीला, चिगुमीला, विचारतो की भीती वाटेल असं काय काय सुचतंय सांग. मोठ्यांना कळतं तेवढंच सुचतं, मुलांना त्यापलीकडचं सुचतं, असं त्याचं म्हणणं. मूळ कल्पनेचं श्रेय सिनेमात तिच्या नावावर आहे. पटकथा चिहो कात्सुराची.

चिगुमीने सांगितलं ते असं. आरशातलं आपलंच रूप आपल्यावर चाल करून येतं. पियानोच्या पट्ट्यांत बोटं अडकतात. गाद्यांची चळत अंगावर कोसळते. विहिरीत गार करायला सोडलेलं कलिंगड वर ओढताना माणसाच्या मुंडक्यासारखं दिसतं.

शार्क नाही, भूत नाही, शाप नाही. सगळ्या घरातल्याच वस्तू.

सात मैत्रिणी सुट्टीत एकीच्या मावशीकडे जातात आणि ते घर त्यांना एकेक करून गिळतं, एवढीच गोष्ट. पण कलिंगडाचा प्रसंग नीट बघा. मॅक नावाची खादाड मुलगी विहिरीवर जाते ती परतच येत नाही. फॅन्टसी नावाची दुसरी मैत्रीण तिला शोधायला जाते, दोर ओढते, आणि वर येतं मॅकचं मुंडकं. ते हवेत उडतं आणि फॅन्टसीच्या चक्क ढुंगणाला चावतं! ती किंचाळत पळते. बाकीच्या येऊन बघतात, तर दोराला साधं कलिंगड. सगळ्याजणी मजेत फोडी खातात. मावशी तोंड उघडते तेव्हा आत एक डोळा असतो, आणि तो दिसतो फक्त फॅन्टसीला.

आपण लहानपणी ‘तिथे काहीतरी आहे’ म्हणून ओरडलो, की मोठी माणसं लाइट लावून ‘बघ, काही नाहीये’ म्हणायची. खरी भीती तिथून सुरू व्हायची, कारण आता आपण एकटे. हे ओबायाशीने जसंच्या तसं पकडलंय.

‘इफेक्ट्स किती खोटे’ हीसुद्धा तक्रार असते. अहो, ते मुद्दाम खोटे आहेत. लहान मुलाने केल्यासारखे दिसावेत हीच त्याची इच्छा होती. रंगवलेलं आभाळ, कात्रीने कापून चिकटवल्यासारखे हातपाय, आणि तुटल्यावरही पट्ट्यांवर वाजवत राहणारी बोटं. समीक्षकांनी तेव्हा नाकं मुरडली, तरुण पोरांनी मात्र सिनेमा चालवला.

सगळंच भारी आहे असं नाही. मुलींच्या मास्तरांचा केळ्यांचा ढीग होतो ते मला अजून पचलेलं नाही, आणि मावशीच्या भाचीच्या बापाच्या नव्या मैत्रिणीचं ते स्कार्फ उडवत येणं जाम लांबवलंय.

पण एक जागा अशी आहे की तिथे हसणाऱ्यांनी थांबायला हवं. मावशीचा नवरा व्हायचा तो तरुण युद्धावर गेला आणि परत आला नाही. ती वाट बघत राहिली. हा भूतकाळ जुन्या मूकपटासारखा दाखवलाय आणि त्यावर या मुलींची बडबड चालू असते. पडद्यावर अणुबॉम्बचा ढग वर चढतो, आणि एक मुलगी म्हणते, अय्या, म्हातारीच्या केसांसारखा दिसतोय!

ओबायाशी ओनोमिचीचा, म्हणजे हिरोशिमा प्रांतातला. बॉम्ब पडला तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याचे बालमित्र त्यात गेले. त्यामुळे ‘लहान मुलीच्या नजरेतून सिनेमा’ असं जे सगळे म्हणतात, ते मला अर्धंच वाटतं. इथे मुलं दोन आहेत. एकीला आरशाची आणि गाद्यांची भीती वाटते. दुसऱ्याने तो काळ पाहिलाय, आणि आता चाळिशीच्या उंबरठ्यावर तो त्या ढगाला मिठाई म्हणणाऱ्या पोरींकडे कॅमेरा लावून बसलाय. मावशी त्या घराच्या रूपाने मुलींना खाते त्यात मत्सर आहेच, पण ‘तुम्हाला काहीच कसं माहीत नाही’ हा संतापही मला दिसतो. तरी त्या मुलींवर सिनेमा चिडत नाही. त्यांना तो शेवटपर्यंत गोडच दाखवतो.

बच्चेकंपनीला दाखवायचा का, असं इनबॉक्समध्ये विचारणार असाल तर आधीच सांगते: रक्त बादल्यांनी आहे आणि थोडी नग्नताही आहे, त्यामुळे लहानग्यांना नको. कॉलेजातल्या पोरांबरोबर जरूर बघा. फक्त ढगाच्या सीनला फोन खाली ठेवायला सांगा.