मालबोक आणि माझा श्रावण

सोलमधली ऑगस्टातली दुपार म्हणजे आपला मे आणि जुलै एकाच कुकरमध्ये लावल्यासारखी. अशात आमचे साहेब, म्हणजे टीमजांगनिम, घाम पुसत उठले. "आज मालबोक! चला, साम्ग्येतांग!"

उन्हाळ्याच्या तीन 'बोक', म्हणजे ऐन उकाड्याच्या मानल्या जाणाऱ्या, दिवसांतला हा शेवटचा. उष्णतेला उष्णतेनंच मारायचं, हा इथला ईयोलचियोल. घामावाटे गेलेली ताकद साम्ग्येतांगमधून, म्हणजे कोंबडीच्या उकळत्या सुपातून, परत आणायची. आमची आई उन्हाळ्यात अंडंसुद्धा 'उष्ण पडतं' म्हणून घरात येऊ देत नाही. एरवी कोंबडीशी माझं वैर नाही, पण श्रावण लागला होता.

दुकानाबाहेर ही रांग! आत गेल्यावर वयानं सगळ्यात लहान मी, म्हणून पेपर नॅपकिन पसरून त्यावर चमचे मांडणं आणि पाणी ओतणं माझ्याकडे. आमच्याकडे पंगतीत मीठ वाढायला लहान पोरं लागतात, तसंच. तेवढ्यात मी पुटपुटलो, "मी नुसता भात खाईन."

टेबल गप्प. "पोट बिघडलं?" "कोणी काही बोललं का?" कोरियनमध्ये घरच्या माणसांना 'शिक्कू' म्हणतात, म्हणजे जेवणारी तोंडं. माझं एक तोंड बंद म्हणजे घरात भांडण! मी मोबाइलवरून श्रावणाचं भाषांतर करून दाखवलं. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

मग आली खदखदणारी मातीची भांडी. प्रत्येकात अख्खी छोटी कोंबडी. पोटात चिकट भात, जिनसेंग, लसूण, लाल बोर. साहेबांनी चमचा उचलला, मग बाकीच्यांनी. पहिल्याच घोटाला साहेबांच्या चष्म्यावर वाफ, नाकाच्या शेंड्यावर घाम, आणि तोंडातून, "शिवोनहादा!"

"म्हणजे काय?" मी शेजाऱ्याला विचारलं.

"गार वाटलं."

इतक्यात साहेबांचं माझ्या रिकाम्या वाटीकडे लक्ष गेलं. त्यांनी आपल्या कोंबडीच्या पोटात चमचा घातला, रसात भिजलेला भाताचा गोळा अलगद काढला आणि माझ्या वाटीत ठेवला. "घे. नुसता भात."

आठ माणसं खायचं थांबून माझ्याकडे बघत होती. मी घास घेतला. जीभ गेली, टाळू गेला, श्रावण तर गेलाच होता. डोळ्यांत पाणी आणून म्हणालो, "शिवोनहादा!" टाळ्या पडल्या. साहेबांनी दुसरा गोळा उकरायला घेतला.

रात्री आईचा फोन. "काय जेवलास?"

"भात."

"काही उष्ण नाही ना खाल्लंस?"

"नाही गं. गार होतं. सगळे तसंच म्हणत होते."