‘डिनॉर्विक’ आणि ‘चार्ली’ ही दोन इंजिने नव्हेत

नमस्कार. वेल्समधील डिनॉर्विक स्लेट खाणीच्या वाफेच्या रेल्वे इंजिनांवरील माझ्या लेखाबाबत आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ‘डिनॉर्विक’ आणि ‘चार्ली’ ही नावे दोन वेगळ्या याद्यांत आढळतात, म्हणून ती दोन स्वतंत्र इंजिने असली पाहिजेत, हा पहिला; आणि इंजिनाच्या अंगावरची नावपट्टी हा कारखान्याच्या नोंदवहीपेक्षा भक्कम पुरावा आहे, हा दुसरा. दुसरा आक्षेप मान्य केला तर पहिला आपोआप खरा ठरतो, म्हणून आधी नावपट्टीबद्दलच लिहितो.

आजही जतन केलेले ‘जेरी एम’ हे याच खाणीचे इंजिन घ्या. ते लीड्सच्या हन्सलेट कारखान्यात १८९५ साली बांधले गेले आणि त्याचा कारखाना क्रमांक, म्हणजे बांधणाऱ्या कारखान्याने दिलेला अनुक्रमांक, ६३८ आहे. जेरी एम हे मुळात एका शर्यतीच्या घोड्याचे नाव. खाणीचे मालक सर चार्ल्स अ‍ॅशेटन-स्मिथ यांच्या या घोड्याने १९१२ साली ग्रँड नॅशनल शर्यत जिंकली, आणि त्याचा जन्म १९०३ चा. म्हणजे इंजिन लीड्सहून निघाले तेव्हा हा घोडा जन्मलाही नव्हता. १८९८ च्या ‘कव्हरकोट’ची कथाही तीच, कारण त्या नावाचा घोडा जिंकला १९१३ साली. नावपट्टीवर विसंबून वय काढले असते, तर ही दोन्ही इंजिने आपण दीड दशकाने तरुण ठरवली असती. १८८९ च्या एका इंजिनाने तर ‘एनिड’, ‘रेड डॅम्सेल’ आणि आता ‘एलिदिर’ अशी तीन नावे धारण केली आहेत. मालकांचे अश्वप्रेम मला मनापासून आवडते, पण ते इतिहासलेखकाची कसोटी पाहणारे आहे.

नावपट्टी काही बोल्ट सोडवले की बदलते. कारखाना क्रमांक मात्र कनेक्टिंग रॉडसारख्या (पिस्टनची गती चाकांना देणाऱ्या दांड्यासारख्या) भागांवरही ठोकलेला असतो आणि नोंदवहीतील तारखेशी ताडून पाहता येतो. ‘डिनॉर्विक’ हे १८७० साली बांधलेले, १ फूट पावणेअकरा इंच गेजचे, म्हणजे दोन रुळांमधील अंतर तेवढे असलेले इंजिन हन्सलेटचे पहिलेच नॅरोगेज इंजिन होते. तेच पुढे ‘चार्ली’ झाले, आणि त्याच्यापासून या खाणीसाठी बांधलेल्या तशाच वीस इंजिनांची परंपरा सुरू झाली.

आपल्या आक्षेपातील एक गोष्ट मात्र रास्त आहे. इतकी सारखी इंजिने एकाच मालकाकडे असली की दुरुस्तीच्या वेळी एकाचा बॉयलर दुसऱ्यावर चढतो, त्यामुळे एखाद्या सुट्या भागावर सापडलेला क्रमांक संपूर्ण इंजिनाची ओळख पटवत नाही. म्हणून सांगाडा, सुटे भाग आणि नोंदवही या तिन्हींचा मेळ बसवूनच निष्कर्ष काढावा, या मताचा मी आहे.

आपल्याकडील याद्यांवरची वर्षे कृपया कळवा. एकाच वर्षाच्या यादीत दोन्ही नावे शेजारी-शेजारी आढळली, तरच ती दोन इंजिने ठरतील. वेगवेगळ्या वर्षांच्या याद्यांत एकेक नाव असेल, तर त्यातून केवळ नामांतर सूचित होते.