कमी दाब होईल, पण वादळ होईल का? (२० मे २०२५)

सकाळपासून चार ग्रुपवर तोच फोटो आलाय, लाल-जांभळा गोळा थेट रायगडच्या किनाऱ्यावर आणि खाली 'शक्ती वादळ येतंय'. अहो अजून तिथे साधं कमी दाबाचं क्षेत्रसुद्धा झालेलं नाही. हवामान खात्याने एवढंच सांगितलंय की कर्नाटक किनाऱ्याजवळ वरच्या हवेत चक्राकार वारे तयार होतील, २२ तारखेच्या सुमारास कमी दाब होईल आणि मग तो उत्तरेला सरकत जोर धरेल. शक्ती हे वादळांच्या ठरलेल्या नावांच्या यादीतलं पुढचं नाव आहे, पण वारा ताशी ६२ किमीच्या पुढे गेल्याशिवाय ते देत नाहीत.

मी काही तज्ज्ञ नाही, २०२० च्या निसर्ग वादळापासून रोज मॉडेल (संगणकाने काढलेले हवामानाचे अंदाज) बघायची सवय लागली एवढंच. मला वाटतंय हे डिप्रेशनपर्यंत (कमी दाबाच्या पुढची, वादळाच्या आधीची पायरी) जाईल, मोठं वादळ नाही होणार. पाणी तापलेलं आहे, मे महिन्यात असतंच, पण हे बनतंय किनाऱ्याला खेटून, म्हणजे अर्धं जमिनीवरच घासत राहणार, त्यात वर-खाली वारे वेगवेगळ्या दिशेचे असले की ढगांचा मनोरा सरळ उभाच राहत नाही. तेच जर दोनशे-तीनशे किमी पश्चिमेला सरकलं आणि दोन-तीन दिवस पाण्यावर थांबलं तर मात्र माझा अंदाज पूर्ण चुकेल. २०२१ चं तौक्ते गेलं गुजरातला, पण बाहेरून जाता जाता आपल्या आंबा-काजूची काय दशा केली ते आठवा. डिप्रेशन झालं तरी पाऊस सोडणार नाही, सिंधुदुर्ग-रत्नागिरीला जास्त.

निसर्ग १ जूनला डिप्रेशन होतं आणि ३ जूनला दुपारी आमच्या डोक्यावर. दोन दिवस फक्त. वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी कंबरेतून मोडल्या, त्यानंतर लावलेल्यांना आत्ता कुठे पहिली सुपारी दिसायला लागलीय, म्हणून हा गोळा बघितला की पोटात कालवतं.

मासेमारी बंदी १ जूनपासून आहे, त्यामुळे होड्या अजून बाहेर आहेत. भावांनो, २२ पासून लांब जाऊ नका, वादळ होवो न होवो, डिप्रेशनमध्येसुद्धा समुद्र खवळतोच. आंबा उतरवायचा राहिला असेल तर उद्याच उतरवा. मी आज कौलं बघून घेतली, पंपाची मोटर वर उचलून ठेवतोय. उद्या रात्री मॉडेलचे नवीन अंदाज आले की परत लिहितो.