'शिकागो फायर'मध्ये आग कमी आणि घरच्या भानगडी जास्त? मानेवाड्याच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका नमस्कार,

'शिकागो फायर' या अमेरिकन मालिकेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जी मोठी प्रतिक्रिया टाकली ती नीट वाचली. "धन्यवाद, तुमच्या मताचा आदर आहे" असं एका ओळीत लिहून मोकळं होणं मला जमणार नाही, कारण तुमचं मत मला पटलेलं नाही आणि विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून वेगळं आणि सविस्तर लिहून राहिलो.

बाकीच्यांसाठी काका काय म्हणाले ते थोडक्यात सांगतो. मालिका फायर ब्रिगेडची म्हणायची आणि दाखवायचं काय, तर कोणाचं कोणाशी जुळलं, कोणाचं मोडलं, कोण बारमध्ये बसून रडलं, आग आपली तोंडी लावायला. हा खऱ्या जवानांचा अपमान आहे, काकांच्या शेजारचा मुलगा फायरमध्ये आहे आणि ड्युटीवरून आला की त्याच्यात जेवायचंही त्राण नसतं, तो कुठून प्रेमप्रकरणं करणार. आणि शेवटी, नागपुरात बसून अमेरिकेतल्या फायरमनचं कौतुक कशाला, आपल्याला त्याचं काय.

आता माझं ऐका.

फायरमनच्या नोकरीत प्रत्यक्ष आग किती वेळ असते? शिकागोत ड्युटी २४ तासांची आणि मग ४८ तास सुट्टी. त्या २४ तासांतले बरेचसे कॉल आगीचे नसतातच, कोणाच्या छातीत दुखतंय, म्हातारी बाथरूममध्ये पडली, लिफ्ट अडकली, गाड्या ठोकल्या. उरलेला सगळा वेळ स्टेशनमध्ये. तिथंच वर्गणी काढून किराणा आणायचा, तिथंच रांधायचं, तिथंच झोपायचं, गाडी पुसायची, होज, म्हणजे पाण्याचे पाईप, तपासायचे आणि घंटीची वाट बघायची. म्हणजे आयुष्यातला एक तृतीयांश वेळ ही माणसं एकमेकांसोबत एका छताखाली काढतात, मग बायकोशी झालेलं भांडण, थकलेला हप्ता, आईचं आजारपण हे सगळं त्या टेबलावर येणार नाही तर कुठं येणार? मालिकेतलं ते स्वयंपाकघर आणि तो कॉमन रूममधला सोफा, ज्याच्यावर माउच नावाचा तो फायरमन कायम पसरलेला असतो, ते टाइमपास म्हणून घातलेलं नाहीये, नोकरीचा मोठा भाग तसाच असतो.

पण माझा मुद्दा याच्याही पुढचा आहे. जळत्या इमारतीत आत जाताना पाठीवर बीए सेट असतो, श्वासाच्या हवेचा सिलिंडर. कागदावर पाऊण तासाची हवा म्हणतात, पण जिना चढून, होज ओढून, वजन उचलून धाप लागली की ती अर्ध्या तासाच्या आतच संपायला येते, हवा कमी झाली की शिटी वाजते आणि तेव्हा तुम्ही बाहेरच्या वाटेवर असायला पाहिजे. आत स्वतःचा हात दिसत नाही. भिंतीला हात लावत, होजच्या अंदाजाने गुडघ्यांवर जायचं. म्हणून आत एकटं जायचं नाही, जोडीनेच जायचं, हा नियम. आता ज्याच्या सोबत मी आत चाललो त्याच्या डोक्यात घरचं काहीतरी घोळत असेल, तो रात्रभर झोपला नसेल, दुखणं लपवून आला असेल, तर ती त्याची खासगी बाब राहते का? माझा जीव त्याच्या खासगी बाबीवर टांगलेला असतो काका.

पहिल्या सीझनमध्ये सेव्हराइड, स्टेशनचा एक लेफ्टनंट, नेमका हेच करतो. खांद्या-मानेची गंभीर दुखापत लपवतो, इंजेक्शनं घेऊन ड्युटी करतो, आणि सोबत राहणाऱ्या शे नावाच्या मैत्रिणीला, जी अँब्युलन्सवर आहे, ते माहीत असतं. सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, नाही सांगितलं तर उद्या शिडीवर हात सुटून दुसरा कोणी मरेल. हा प्रसंग तुम्ही घरगुतीत टाकणार की आगीत? मला तर वेगळं करताच येत नाही. मालिका सुरूच होते अँडी डार्डन या फायरमनच्या मरणाने आणि त्यावरून केसी, म्हणजे दुसरा लेफ्टनंट, आणि सेव्हराइड एकमेकांना दोष देत बसतात, एका स्टेशनमध्ये राहून बोलत नाहीत, आणि त्याच दोघांना पुढच्या कॉलला एकमेकांच्या भरवशावर आत जायचं असतं. त्याच स्टेशनातल्या हरमनचं घर कर्जापायी जातं, बायकोपोरांना घेऊन सासुरवाडीला राहायची पाळी येते. केसी सुट्टीच्या दिवशी बांधकामाची कामं घेतो. पगारात भागत नाही म्हणून जोडधंदा करणारा फायरमन तुम्हाला नागपुरात भेटणार नाही काय? तुमच्या शेजारच्या मुलाला विचारून बघा.

आता अपमानाबद्दल. इथं मी थोडा हळवा होतो, कारण माझा मामा फायरमध्ये होता, लीडिंग फायरमन म्हणून रिटायर झाला. आमच्या मामाकडे जेवायला बसलं की त्याचं ताट पुसून झालेलं असायचं तेव्हा आमची पहिली पोळी चालू असायची. रिटायर झाल्यावरही तसंच, कारण अर्ध्या जेवणातून उठून गाडीत बसायची सवय हाडात मुरलेली. रात्री झोपताना चपला पलंगाजवळ, तोंड दाराकडे करून. टॉकीजमध्ये गेलो की पिक्चर सुरू व्हायच्या आधी बाहेर जायचा दरवाजा कुठं आहे ते बघून यायचा आणि त्याला साखळी-कुलूप दिसलं की मॅनेजरशी हुज्जत घालायचा, मामी बिचारी पदर ओढत कानकोंडी होऊन बसायची. आणि कपडे. कॉलवरून आलेले त्याचे कपडे मामी मागच्या अंगणात वेगळ्या बादलीत भिजवायची, घरातल्या कपड्यांत कधी टाकायची नाही, वास जात नाही म्हणायची. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, फायरमनचं काम माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, जिथं तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस आहेत, त्या गटात. ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मामीची ती बादली आली. मामीला कोणी ट्रेनिंग दिलं नव्हतं, तिनं नाकाने ओळखलं होतं.

मामाला सुद्धा राग यायचा, तोही घरी चिडायचा, एका कॉलमध्ये लहान पोरगी वाचली नाही त्यानंतर कितीतरी दिवस तो मामीशी धड बोलला नाही आणि मामीला वाटलं आपलंच काही चुकलं. हे कुणी दाखवलं तर मामाचा अपमान होतो असं मला अजिबात वाटत नाही. उलट आपण जे करतो, म्हणजे १४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनाला, हार घालायचे, "शूर जवान" म्हणायचं आणि बाकीचे ३६४ दिवस त्याला घरदार, शरीर, कर्ज, बायको असेल हे विसरून जायचं, त्यात तो जास्त दुखावला जातो. १४ एप्रिल का, तर १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, जहाजात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता, आणि आग विझवायला गेलेले मुंबई फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले. ६६ घरं. त्या घरांत दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असेल हे आपल्याकडे कोण सांगतं?

तुम्ही म्हणाल अमेरिकन लोक तरी काय, टीआरपीसाठी करतात. सगळं तसं नसतं काका. 'रेस्क्यू मी' नावाची दुसरी एक मालिका आहे, २००४ ते २०११ चालली, न्यूयॉर्कच्या फायरमनवर. ११ सप्टेंबर २००१ ला त्या शहराचे ३४३ फायरमन गेले, आणि मालिका त्यातून उरलेल्यांची आहे. हीरो टॉमी गॅव्हिन, दारुडा, संसार मोडलेला, मेलेला चुलतभाऊ त्याला दिसतो आणि त्याच्याशी बोलतो. बघायला सोपी नाही, शिव्या भरपूर आहेत, पोरांसमोर लावू नका. पण ती बनवणारा आणि टॉमी साकारणारा डेनिस लिअरी, त्याचा स्वतःचा चुलतभाऊ फायरमन होता आणि वुस्टर शहरात ३ डिसेंबर १९९९ ला गोदामाच्या आगीत गेला. कोल्ड स्टोरेजची जुनी बंद इमारत, खिडक्या जवळजवळ नाहीतच. आत बेघर माणसं राहतात असं कळलं म्हणून दोघं फायरमन शोधायला शिरले, धुरात वाट चुकले, हवा संपत आली, रेडिओवर मदत मागितली, त्यांना आणायला आणखी गेले आणि त्यातले चार परत आले नाहीत. सहा जण गेले. आणि ज्यांच्यासाठी गेले ती माणसं आधीच बाहेर निघून गेली होती. असं दुःख घरात झालेल्या माणसाने ही मालिका उभी केली, त्याच्याआधी २००० मध्ये फायरमनसाठी फाउंडेशनही काढलं. त्याला अपमान करायचा होता असं मला कोणी सांगू नये.

आता जिथं तुमची चीड योग्य जागी आहे ते पण बोलतो. 'शिकागो फायर'मध्ये धूर फार सोज्वळ आहे. नटांचे चेहरे दिसावेत म्हणून मास्क भलत्या वेळी निघतात, आग केशरी आणि सुंदर, खोली लख्ख दिसते, आणि ४०-४५ मिनिटांत विषय संपतो. आग विझल्यावरचं काम तर जवळजवळ दिसतच नाही. आपल्या नागपुरात लकडगंजला एखाद्या आरामशीनला आग लागली की ज्वाळा लवकर खाली बसतात, पण भुशाच्या ढिगात आतल्या आत तासन् तास धुमसत राहतं, वरून पाणी मारलं तरी आतपर्यंत जात नाही, मग फावड्याने किंवा जेसीबीने ढीग उकरायचा, पाणी मारायचं, परत उकरायचं, याला कूलिंग म्हणतात आणि ते मे महिन्यात नागपूरच्या ४५ डिग्रीत, गमबूट घालून. तेव्हा ना कॅमेरा असतो ना बघ्यांची गर्दी. कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या पोत्यांनी पेट घेतला तर तो धूर काय करतो हे शिकागोच्या लेखकाच्या डोक्यात येणारच नाही. आणि मालिकेत माणूस मेला की दोन-तीन एपिसोडनंतर गाडी पुढे जाते, ओटिस नावाच्या फायरमनच्या मरणाचं सावट जरा लांबवर राहतं हे मान्य, पण पेन्शनच्या कागदांसाठी ऑफिसच्या पायऱ्या चढणारी बायको मी तरी तिथं फारशी पाहिली नाही.

पण बघा, तुमची तक्रार होती की घरगुती भाग जास्त आहे. माझी तक्रार उलटी आहे, घरगुती भाग अजून खरा आणि अजून खोल पाहिजे होता.

राहिला नागपूरचा मुद्दा, आणि इथं तर तुम्ही मला चकितच केलं. अहो काका, देशातल्या फायर ऑफिसरांचं राष्ट्रीय कॉलेज आपल्या गावात आहे, नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज, १९५६ ला रामपूरला सुरू झालं आणि १९५७ ला नागपूरला आलं. आसामपासून केरळपर्यंतची पोरं इथं येऊन शिडी चढायला शिकतात, आणि आपण सिव्हिल लाईन्समधून गाडीची काच लावून निघून जातो. मुंबईत काळबादेवीला ९ मे २०१५ ला गोकुळ निवासच्या आगीत इमारत कोसळली आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई असे चार अधिकारी गेले. दलाचा सगळ्यात मोठा साहेब स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता. यावर मराठीत किती तासांची मालिका झाली असती! आपल्याकडे पोलिसांच्या मालिका आहेत, डॉक्टरांच्या आहेत, वकिलांच्या आहेत, फायर स्टेशनचं एक कुटुंब रोज रात्री आपल्या दिवाणखान्यात आलंय असं मला आठवत नाही. पेपरात एकच वाक्य असतं, "अग्निशमन दलाने आग आटोक्यात आणली," कर्ता म्हणजे दल, माणूस नाहीच.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरांत शिरली, झोपेतली माणसं पलंगावरून पाण्यात उतरली. फायरच्या लोकांनी बोटीतून म्हाताऱ्यांना काढलं. आता समजा त्यांच्यातल्याच एखाद्याचं स्वतःचं घर नाल्याकाठी असतं, बायको फोन करून राहिली की पाणी दारात आलं, आणि याची बोट दुसऱ्याच लेआउटकडे वळवायचा आदेश. तो काय करेल, बोटीतला दुसरा त्याच्याकडे कसं बघेल, रात्री घरी गेल्यावर बायको काय म्हणेल आणि काय म्हणणार नाही? मला ही मालिका बघायची आहे, मराठीत, नागपुरी बोलीत, सक्करदऱ्याच्या नाहीतर गंजीपेठच्या स्टेशनात घडणारी. ती येईपर्यंत मी शिकागोची बघणार आणि तिच्यावर लिहिणार.

तुमच्या शेजारच्या त्या मुलाबद्दल एक विनंती आहे. त्याला सुट्टी असेल, झोप झाली असेल तेव्हा माझा लेख आणि हे उत्तर दोन्ही वाचायला द्या. त्यालाही अपमान वाटला तर त्याने मला सरळ लिहावं, मी शब्द न बदलता टाकीन. आणि त्याला घरचं काही सांगावंसं वाटलं, त्याचं, त्याच्या आईचं, बायकोचं, तर ते नाव न घालता टाकीन. ब्लॉगच्या उजव्या बाजूला मेलचा पत्ता आहे.